टायमिंग बेल्ट किंवा चेन कधी बदलायची? गाडी नीट चालत असताना हा खर्च का करायचा?

गाडीचे काही खर्च डोळ्यांना दिसतात. टायर गुळगुळीत झाला, ब्रेक पॅड संपले, बॅटरी बसली, की खर्च पटतो. पण सर्व्हिस सेंटरमधून फोन येतो, "टायमिंग बेल्ट बदलावा लागेल," आणि सोबत एक मोठा आकडा सांगितला जातो. गाडी तर मस्त चालतेय, आवाज नाही, ॲव्हरेजही ठीक आहे. मग आपल्याला गंडवलं तर जात नाही ना, अशी शंका येणं साहजिक आहे.

ही शंका कधी कधी खरीही असते. तुमच्या गाडीत बेल्ट नसून चेन असेल, तर ठरावीक किलोमीटरला ती बदलण्याची सहसा गरज नसते. पण गाडीत बेल्ट असेल आणि त्याची मुदत संपली असेल, तर हा खर्च टाळणं महागात पडू शकतं. कारण टायमिंग बेल्ट बहुतेक वेळा काहीही पूर्वसूचना न देता तुटतो, आणि तो तुटला की सोबत इंजिनचंही नुकसान करतो.

त्यामुळे तुमच्या गाडीत काय आहे आणि त्याची मुदत कशी मोजायची, हे एकदा नीट समजून घेतलं पाहिजे.

टायमिंग बेल्ट किंवा चेन नेमकं काय काम करते?

पेट्रोल असो, डिझेल असो की सीएनजी, गाडीच्या इंजिनात दोन महत्त्वाचे दांडे फिरत असतात.

खाली असतो क्रँकशाफ्ट. सिलिंडरमध्ये वर-खाली होणारे पिस्टन याला फिरवतात आणि ही ताकद पुढे चाकांपर्यंत जाते. वर, इंजिनच्या हेडमध्ये असतो कॅमशाफ्ट. तो व्हॉल्व्ह उघडतो आणि बंद होऊ देतो. व्हॉल्व्ह म्हणजे सिलिंडरची दारं. एका दारातून हवा आत येते, दुसऱ्यातून धूर बाहेर जातो.

ही दारं अचूक वेळी उघडली आणि मिटली पाहिजेत. पिस्टन खाली जाताना हवा आत यायला हवी, दाब तयार होताना दोन्ही दारं घट्ट बंद हवीत, आणि इंधन जळून झाल्यावर धूर जायला वाट हवी. क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा बरोबर एक फेरा व्हायला हवा. हा ताळमेळ राखण्यासाठी दोन्ही दांडे एकमेकांना जोडलेले असतात. ती जोडणी दातेरी रबरी पट्ट्याने केली असेल तर तो टायमिंग बेल्ट, आणि लोखंडी साखळीने केली असेल तर ती टायमिंग चेन. काही इंजिनांत, विशेषतः अवजड वाहनांच्या डिझेल इंजिनांत, या कामासाठी थेट गिअर वापरलेले असतात.

हे काम किती वेगाने चालतं, याचा एक हिशोब बघा. मीटरमध्ये काटा ३,००० आरपीएमवर असेल तर क्रँकशाफ्ट सेकंदाला ५० वेळा फिरतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. गाडी सरासरी ताशी ५० किलोमीटरने आणि २,००० आरपीएमवर चालली असं धरलं, तर १ लाख किलोमीटर होईपर्यंत क्रँकशाफ्टचे सुमारे २४ कोटी फेरे होतात. या प्रत्येक फेऱ्यात तो बेल्ट ओढला जात असतो.

बेल्ट तुटला तर काय होतं?

बेल्ट तुटला की कॅमशाफ्ट जागच्या जागी थांबतो. त्या क्षणी जे व्हॉल्व्ह उघडे असतात ते उघडेच राहतात. क्रँकशाफ्ट मात्र वेगात असल्यामुळे लगेच थांबत नाही. पिस्टन वर येत राहतात.

पुढे काय होणार, हे इंजिनच्या रचनेवर अवलंबून असतं.

काही इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन यांच्यात पुरेशी जागा असते. अशा इंजिनात बेल्ट तुटला तर गाडी बंद पडते, नवा बेल्ट बसवला की पुन्हा चालू होते. पण जास्त ताकद आणि चांगलं ॲव्हरेज मिळावं म्हणून आजच्या बहुतेक इंजिनांत ही जागा ठेवलेली नसते. व्हॉल्व्ह जिथे उघडतो, तिथेच काही क्षणांनी पिस्टन येतो. दोघांची वेळ वेगळी असते, म्हणून ते एकमेकांना लागत नाहीत. अशा रचनेला इंटरफिअरन्स इंजिन म्हणतात. डिझेल इंजिनात दाब फार जास्त असल्यामुळे पिस्टन अगदी वरपर्यंत येतो, म्हणून जवळपास सगळी डिझेल इंजिनं याच प्रकारची असतात.

या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतो. व्हॉल्व्ह वाकतात. काही वेळा व्हॉल्व्ह गाइड तुटतात, पिस्टनला खड्डा पडतो, हेडलाही मार बसतो. मग हेड उतरवून इंजिनचं काम काढावं लागतं. वेळेवर बेल्ट बदलण्याचा जो खर्च असतो, त्याच्या कित्येक पट बिल इथे होतं. जुन्या गाडीच्या बाबतीत तर दुरुस्तीचा खर्च आणि गाडीची किंमत यांची तुलना करण्याची वेळ येते.

यात विम्याचाही आधार सहसा मिळत नाही. भारतातल्या नेहमीच्या मोटार विम्यात झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात. मुदत संपलेला बेल्ट तुटून इंजिन गेलं, तर तो अपघात धरला जात नाही.

बेल्ट आणि चेन: दोन्ही का वापरतात?

सुरुवातीच्या काळात या कामासाठी गिअर किंवा चेनच असायची. १९६२ मध्ये जर्मनीतल्या ग्लास कंपनीने 'ग्लास १००४' ही गाडी आणली. मोठ्या प्रमाणावर बनलेली, दातेरी टायमिंग बेल्ट असलेली ही पहिली गाडी मानली जाते. रबरी बेल्ट वजनाला हलका, आवाज कमी, ऑइलची गरज नाही आणि बनवायला स्वस्त. त्यामुळे पुढच्या काही दशकांत तो सगळीकडे पसरला.

अर्थात हा बेल्ट म्हणजे नुसतं रबर नसतं. आत काचेच्या तंतूंच्या दोऱ्या असतात, त्या बेल्टला लांब होऊ देत नाहीत. दात्यांवर नायलॉनचं कापड असतं. तरीही रबर ते रबरच. उष्णतेने ते कडक होतं, दात्यांच्या मुळाशी बारीक भेगा पडतात.

चेन लोखंडी असते आणि इंजिनच्या आतच, ऑइलमध्ये फिरते. ती बराच काळ टिकते, म्हणून अनेक कंपन्या पुन्हा चेनकडे वळल्या. पण ही वाट एकाच दिशेने गेलेली नाही. फोक्सवॅगनच्या ईए१११ मालिकेतल्या छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांत चेन होती, त्यानंतर आलेल्या ईए२११ मालिकेत कंपनीने पुन्हा बेल्ट वापरला. म्हणजे 'नवी गाडी असेल तर चेनच असणार' हा अंदाज चुकू शकतो.

तुमच्या गाडीत काय आहे, हे कसं ओळखायचं?

गाडीच्या नावावरून ठरवू नका, इंजिनवरून ठरवा. एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या काळात वेगळी इंजिनं येतात. इनोव्हाचंच उदाहरण घ्या. जुन्या इनोव्हाच्या २.५ लिटर डिझेल इंजिनात टायमिंग बेल्ट आहे, तर नंतरच्या इनोव्हा क्रिस्टाच्या २.४ लिटर डिझेल इंजिनात चेन.

आपल्याकडे रस्त्यावर दिसणाऱ्या काही गाड्या:

बेल्ट असलेल्या:
• मारुती ८००
• जुनी ह्युंदाई सँट्रो
• टोयोटा इनोव्हा, २.५ लिटर डिझेल
• रेनो डस्टर, १.५ लिटर डिझेल
• फोक्सवॅगन पोलो आणि व्हेंटो, १.५ लिटर डिझेल
• स्कोडा कुशाक, स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन टायगुन, व्हर्टस यांची टीएसआय पेट्रोल इंजिनं
• जीप कंपास आणि टाटा हॅरियर, २ लिटर डिझेल

चेन असलेल्या:
• मारुतीची के सिरीज पेट्रोल इंजिनं (अल्टो के१०, स्विफ्ट, डिझायर अशा अनेक गाड्यांत)
• फियाटचं १.३ लिटर मल्टिजेट डिझेल, जे स्विफ्ट, डिझायर, पुंटो, इंडिका व्हिस्टा यांत वापरलं गेलं
• ह्युंदाईचं १.२ लिटर कप्पा पेट्रोल (आय१०, आय२०)
• टोयोटा इनोव्हा क्रिस्टा, २.४ लिटर डिझेल

यादीत तुमची गाडी नसेल तर ओनर्स मॅन्युअल उघडा. त्यात शेवटी देखभालीचं वेळापत्रक असतं. 'टायमिंग बेल्ट बदला' अशी ओळ आणि समोर किलोमीटर किंवा वर्षं दिलेली असतील, तर गाडीत बेल्ट आहे. मॅन्युअल हरवलं असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चासी नंबर सांगून विचारता येतं. बॉनेट उघडून बघितलं, तर बेल्टवर सहसा प्लॅस्टिकचं कव्हर असतं आणि चेनवर ऑइल बाहेर येऊ नये म्हणून धातूचं, घट्ट बसवलेलं कव्हर. पण ही खूण पक्की नाही, फक्त अंदाजापुरती आहे.

आणखी एक गोंधळ नेहमी होतो. बॉनेट उघडल्यावर बाहेरच दिसणारा काळा पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट नव्हे. तो अल्टरनेटर, एसी वगैरे फिरवणारा बेल्ट असतो. त्याला गॅरेजमध्ये सरसकट फॅन बेल्ट म्हणतात. तो तुटला तर बॅटरी चार्ज होणं थांबतं, पण त्यामुळे व्हॉल्व्ह वाकत नाहीत. जुन्या बिलात नुसतं 'बेल्ट बदलला' असं लिहिलं असेल, तर कोणता बेल्ट, हे विचारून घ्या.

टायमिंग बेल्ट कधी बदलायचा?

सगळ्या गाड्यांना लागू होईल असा एक आकडा नाही. इंजिननुसार ही मुदत साधारण ६०,००० किलोमीटरपासून १,५०,००० किलोमीटरपर्यंत असते. शिवाय वर्षांची मर्यादा असते, ती साधारण ५ ते १० वर्षं. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्येच मिळेल, आणि तोच अंतिम मानायचा.

यात तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या.

पहिली: किलोमीटर किंवा वर्षं, जे आधी पूर्ण होईल ते. दुसरा भाग लोक विसरतात. फक्त रविवारी बाहेर निघणारी, ९ वर्षांत जेमतेम ३०,००० किलोमीटर झालेली गाडी अनेकांना 'नव्यासारखी' वाटते. पण पार्किंगमध्ये उभ्या गाडीतलंही रबर म्हातारं होत असतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गाड्या महिनोन्‌महिने उभ्या होत्या, तो काळही बेल्टच्या वयात मोजायचा.

दुसरी: किलोमीटर म्हणजे इंजिनचे तास नव्हेत. महामार्गावर सरासरी ताशी ५० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीला १ लाख किलोमीटर व्हायला २,००० तास लागतात. शहराच्या ट्रॅफिकमध्ये सरासरी ताशी २० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीला तेवढ्याच अंतरासाठी ५,००० तास. मीटरवर आकडा सारखाच, पण दुसरीच्या इंजिनाने अडीचपट वेळ काम केलेलं असतं, तेही सिग्नलला थांबून, गरम बॉनेटखाली. म्हणून अनेक मॅन्युअलमध्ये धूळ, उष्णता, सतत थांबत-सुटत चालणारी वाहतूक, टॅक्सीसारखा वापर यांच्यासाठी वेगळं, कमी मुदतीचं वेळापत्रक दिलेलं असतं. मुंबई, पुणे, ठाण्याच्या गर्दीत रोज चालणाऱ्या गाडीने ते पान आधी बघावं.

तिसरी: काही कारणांनी मुदतीआधीच बेल्ट तपासावा किंवा बदलावा लागतो. ती कारणं अशी:
• क्रँकशाफ्ट किंवा कॅमशाफ्टच्या सीलमधून ऑइल गळून बेल्टवर येत असेल
• वॉटर पंपमधून कूलंट गळत असेल
• टेन्शनर किंवा आयडलर पुलीचं बेअरिंग घरघर करत असेल
• गाडी पुराच्या किंवा साचलेल्या पाण्यात बुडाली असेल आणि कव्हरच्या आत चिखल गेल्याची शक्यता असेल
• काही कामासाठी बेल्ट एकदा उतरवला असेल. अशा वेळी जुना बेल्ट परत न चढवता नवाच टाकणं योग्य.

मेकॅनिकने कव्हर काढून बेल्ट बघितला आणि 'चांगला दिसतोय' असं सांगितलं, तर मुदत वाढवावी का? नाही. भेगा दिसल्या तर बेल्ट नक्कीच बदलायचा, पण भेगा दिसल्या नाहीत म्हणून तो चांगला आहे असं ठरत नाही. आतल्या दोऱ्यांची स्थिती बाहेरून दिसत नाही.

काही टोयोटा डिझेल गाड्यांत मीटरमध्ये 'टी-बेल्ट' असा दिवा असतो. तो बेल्टची तब्येत तपासून लागत नाही, ठरलेले किलोमीटर झाले की लागतो. तो दिवा लागला म्हणजे वेळ झाली आहे, एवढाच त्याचा अर्थ. आणि बेल्ट न बदलता नुसता दिवा रीसेट करणंही शक्य असतं, हे जुनी गाडी घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

टायमिंग चेन कधी बदलायची?

चेनच्या बाबतीत हिशोब उलटा आहे. बहुतेक कंपन्या चेनसाठी किलोमीटरची मुदत देत नाहीत. ती इंजिनच्या आयुष्यभर टिकावी अशीच योजना असते, आणि नीट सांभाळलेल्या गाडीत चेन २ लाख किलोमीटर किंवा त्याहूनही पुढे सहज जाते. त्यामुळे '१ लाख झाले, चेन बदला' असं कोणी सांगितलं तर कारण विचारा.

पण 'चेन म्हणजे कायमची' हेही खरं नाही. चेन लांब होते. लोखंड ताणलं जातं असं नाही, तर तिच्या प्रत्येक कडीतल्या पिना झिजतात आणि त्या सगळ्या बारीक झिजेची बेरीज होऊन चेन सैल पडते. ती ताणून धरायला टेन्शनर असतो आणि तो बहुतेक इंजिनांत ऑइलच्या दाबावर चालतो. चेन ज्यांवरून सरकते त्या पट्ट्या प्लॅस्टिकच्या असतात. ऑइल जुनं, काळं किंवा कमी असेल तर पिना लवकर झिजतात, टेन्शनर नीट काम करत नाही आणि पट्ट्याही तुटतात.

म्हणून चेनचं आयुष्य ऑइल चेंजवर ठरतं. 'यंदा गाडी फार चालली नाही, ऑइल पुढच्या वर्षी बदलू' असं करून जे काही पैसे वाचतात, ते चेनच्या कामात परत जातात. चेन काढायला इंजिनचा बराच भाग उघडावा लागतो. बीएमडब्ल्यूच्या एन४७ या डिझेल इंजिनात तर चेन इंजिनच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सच्या दिशेला आहे. तिथपर्यंत पोचणंच मोठं काम, आणि त्या इंजिनाच्या चेन लवकर झिजण्याच्या तक्रारी अनेक देशांत झाल्या.

चेन बेल्टसारखी गप्प राहत नाही. ती बहुतेक वेळा आधी सांगते:
• सकाळी थंड गाडी चालू केल्यावर पहिले काही सेकंद खडखड आवाज येतो आणि मग थांबतो. ऑइलचा दाब यायच्या आधी सैल चेन आपटते, त्याचा हा आवाज. सुरुवातीला काही सेकंद असतो, पुढे वाढत जातो.
• इंजिनचा दिवा लागतो. स्कॅनर लावल्यावर 'पी००१६' सारखा कोड येतो. क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांचा ताळमेळ जुळत नाही, असा त्याचा अर्थ. सेन्सर बिघडला तरी हा कोड येऊ शकतो, म्हणून लगेच चेन न बदलता आधी तपासणी करून घ्यावी.
• पिकअप कमी होतो, आयडलिंगला इंजिन थरथरतं, स्टार्ट व्हायला वेळ लागतो.
• ऑइल बदलताना त्यात धातूचे कण किंवा प्लॅस्टिकचे तुकडे सापडतात.

यातलं काही दिसलं तर आधी ऑइलची पातळी बघा आणि गाडी तपासायला द्या. दुर्लक्ष केलं तर सैल चेन एखादा दाता उडी मारून पुढे सरकते, आणि मग नुकसान बेल्ट तुटल्यासारखंच होतं. बदलायची वेळ आली तर चेनसोबत टेन्शनर आणि पट्ट्याही बदलायच्या.

ऑइलमध्ये फिरणारा बेल्ट

या दोन्हींच्या मधला एक प्रकारही आहे. काही इंजिनांत बेल्ट रबरीच असतो, पण इंजिनच्या आत, ऑइलमध्ये फिरतो. त्याला वेट बेल्ट म्हणतात. भारतात २०१३ मध्ये आलेल्या फोर्ड इकोस्पोर्टच्या १ लिटर इकोबूस्ट पेट्रोल इंजिनात असा बेल्ट आहे.

घर्षण कमी व्हावं म्हणून ही रचना केली गेली. पण यात ऑइलची निवड फार काटेकोर लागते. चुकीच्या ग्रेडचं ऑइल टाकलं किंवा ते वेळेवर बदललं नाही, तर बेल्टचं रबर झिजतं, त्याचे कण ऑइलच्या जाळीत अडकतात आणि इंजिनला ऑइल मिळणं कमी होतं. अशी गाडी असेल तर ऑइलच्या डब्यावरचं स्पेसिफिकेशन मॅन्युअलशी जुळवूनच घ्यावं.

फक्त बेल्ट बदलला की काम झालं का?

नाही. बेल्टचा स्वतःचा खर्च एकूण बिलाचा एक भाग असतो, बराचसा खर्च तिथपर्यंत पोचण्याच्या मजुरीचा असतो. त्यामुळे एकदा उघडलं की आतले जोडीदार भागही बदलणं परवडतं:
• टेन्शनर आणि आयडलर पुली. यांचं बेअरिंग जाम झालं तर नवा बेल्टही तुटतो.
• वॉटर पंप, तो टायमिंग बेल्टवरच चालत असेल तर. सगळ्या इंजिनांत तसं नसतं, म्हणून विचारून घ्या.
• कॅमशाफ्ट आणि क्रँकशाफ्टचे सील, गळती असेल तर.
• कंपनीने एकदाच वापरायचे सांगितलेले बोल्ट, आणि पंप काढला असेल तर नवा कूलंट.

अनेक कंपन्या हे भाग एकत्र किट म्हणून विकतात. बिल फुगवण्यासाठी वॉटर पंप लावला, असं वाटण्याआधी तो बेल्टवर चालतो का, एवढं विचारा. चालत असेल, तर तो आत्ताच बदलणं शहाणपणाचं.

काम कोणाकडे द्यायचं, हेही महत्त्वाचं. बेल्ट एक दाता जरी पुढे-मागे बसला तरी इंजिनचं टायमिंग चुकतं. अनेक इंजिनांत क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट लॉक करायला खास टूल लागतात. बेल्ट बसवल्यावर इंजिन आधी हाताने, पान्याने पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का बघतात, आणि मगच सेल्फ मारतात. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम करायला हरकत नाही, पण 'या इंजिनाचं लॉकिंग टूल आहे का?' हा एक प्रश्न विचारला की मेकॅनिकला कामाची किती माहिती आहे ते कळतं.

काम झाल्यावर बिलावर तारीख, किलोमीटर आणि पार्ट नंबर लिहून घ्या. जुना बेल्ट दाखवायला सांगा.

सेकंड हँड गाडी घेताना

या विषयात सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. 'टायमिंग बेल्ट आत्ताच बदललाय' हे वाक्य गाडी विकताना सर्रास ऐकू येतं.

नियम सोपा ठेवा: बिल असेल तर बदललाय, बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरायचं. बिलावर गाडीचा नंबर, तारीख, किलोमीटर आणि 'टायमिंग बेल्ट' असा स्पष्ट उल्लेख हवा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी जात असेल, तर तिथला सर्व्हिस रेकॉर्ड मागता येतो.

मीटर मागे फिरवलेलं असू शकतं, पण आरसी बुकवरचं वर्ष बदलत नाही. म्हणून बेल्टचा हिशोब वर्षांवरून करा. बेल्टवाली गाडी ८-१० वर्षं जुनी असेल आणि कागद काहीच नसेल, तर बेल्ट किटचा खर्च गाडीच्या किमतीतून कमी करून घ्या आणि गाडी ताब्यात आल्यावर पहिलं काम तेच करा.

चेनवाली गाडी असेल तर ती बघायला सकाळी जा आणि इंजिन थंड असताना स्वतः चालू करा. विकणाऱ्याने 'तुम्ही येणार म्हणून गरम करून ठेवली' असं सांगितलं, तर पुन्हा दुसऱ्या दिवशी जा.

चालत्या गाडीत बेल्ट तुटला तर काय करायचं?

इंजिन एकदम बंद पडतं. स्टिअरिंग जड होतं. ब्रेक पहिल्या एक-दोन दाबांना नीट लागतात, नंतर पेडल कडक होतं आणि जास्त जोर लावावा लागतो. म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा पंप करू नका. हॅझर्ड लाइट लावा, गाडी हळूहळू डाव्या बाजूला घ्या आणि एकदाच, सलग ब्रेक दाबून थांबवा. गाडी थांबेपर्यंत चावी काढू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

त्यानंतर पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका. बेल्ट तुटला असेल तर सेल्फ मारताना इंजिन नेहमीपेक्षा हलकं, भरभर फिरल्यासारखा आवाज येतो. तसं वाटलं की थांबा. धक्का मारून गाडी चालू करायचा प्रयत्न तर अजिबात करू नका. जे व्हॉल्व्ह वाचले असतील, तेही या प्रयत्नात वाकतात. गाडी टो करूनच न्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सीएनजी किट लावलं असेल तर मुदत बदलते का?
इंधन बदललं तरी बेल्टचं काम तेच राहतं. पण सीएनजी गाड्या सहसा जास्त चालतात, त्यामुळे किलोमीटरची मर्यादा लवकर गाठली जाते.

बाइकला टायमिंग बेल्ट असतो का?
बहुतेक बाइक आणि स्कूटरच्या इंजिनांत छोटी टायमिंग चेन असते. मागचं चाक फिरवणारी चेन वेगळी.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांचं काय?
हायब्रिडमध्ये इंजिन असतं, म्हणून बेल्ट किंवा चेनही असते. पूर्ण इलेक्ट्रिक गाडीत व्हॉल्व्हच नसतात, त्यामुळे हा खर्चही नाही.

मुदत ५,००० किलोमीटरने उलटली तर लगेच तुटेल का?
लगेच तुटेलच असं नाही. पण किती चालेल, हे कोणीच सांगू शकत नाही. लांबचा प्रवास ठरला असेल, तर निघण्याआधी बदलून घ्या.

थोडक्यात

बेल्ट असेल तर तारीख आणि किलोमीटर बघा, आवाजाची वाट बघू नका. चेन असेल तर ऑइल वेळेवर बदला आणि सकाळच्या पहिल्या स्टार्टचा आवाज ऐका. आज एवढंच करा: मॅन्युअलमधलं वेळापत्रकाचं पान शोधा, जुनी बिलं चाळा, आणि पुढचा बेल्ट किती किलोमीटरला किंवा कोणत्या महिन्यात बदलायचा ते एका कागदावर लिहून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. घरात गाडी दुसरं कोणी चालवत असेल, तर त्यांनाही तो कागद दाखवून ठेवा.